हलका हात

अमरावतीत राजापेठेच्या चौकातून रिक्षा गल्लीत वळली. शिकवणी वर्गांच्या पाट्यांची रांग संपते तिथे एक गतिरोधक आहे. तो कुणी आणि कशासाठी बांधला हे कुणाला ठाऊक नाही, आणि रिक्षावाले त्याला जुमानतही नाहीत. या रिक्षावाल्यानेही जुमानलं नाही. दामिनी सीटवरून उडाली, खाली आदळली, आणि ती खाली आल्यावर, अर्ध्या क्षणाने, तिच्या आत डाव्या काखेखाली आणखी काहीतरी खाली आलं. डुबुक. स्कूटरवर पायापाशी पाण्याचा अर्धा भरलेला कॅन ठेवला की खड्ड्यात येतो तसा आवाज. आवाज तरी म्हणावं का त्याला? कानाने ऐकलं की आतून कळलं, हे तिला सांगता आलं नसतं. शेजारी गोपाल बसला होता, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. "काही ऐकू आलं तुला?" तिने विचारलं. "आलं ना," तो म्हणाला, "शॉकअप गेलेत याचे." रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि शॉकअप दिवाळीतच बदलल्याचं सांगितलं. मग नवराबायकोच्या काळजीपेक्षा शॉकअपचा विषय मोठा झाला. घर येईपर्यंत दोघे पुरुष त्यावर बोलत राहिले, आणि दामिनी डावा हात अंगाशी धरून, काठोकाठ भरलेलं पातेलं नेत असल्यासारखी, श्वाससुद्धा बेताने घेत बसून राहिली.

ऑपरेशनला अठरा दिवस झाले होते, अकोल्याहून घरी येऊन पाच. डावा स्तन गेला होता, त्याच्याबरोबर काखेतल्या गाठी गेल्या होत्या, आणि जखम भरली की केमो सुरू करायचा असं अकोल्याच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं. दामिनीने न्हाणीघराची कडी लावली, आरशासमोर उभी राहिली आणि आपल्याच अंगाकडे दहावीच्या पेपरातल्या आकृतीकडे पाहावं तसं पाहिलं. टाक्यांची रेघ ठीक. रेघेच्या बाहेरच्या टोकाला, काखेखाली, एक मऊ फुगवटा. बोटाने दाबला तर दबला, सोडला तर परत वर आला. बोटाला कळलं, पण त्या जागेला काही कळलं नाही. ती सगळी बाजू बधिर होती, दंडाच्या आतल्या बाजूपर्यंत. दवाखान्याच्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं, सूज आल्यास फोन करावा. तिने तो कागद दोनदा वाचला, चौपदरी केला आणि लेकीच्या, ठमीच्या, लसींच्या फाइलमध्ये ठेवून दिला. आपण असं का केलं, हे ती स्वतःलाही विचारणार नव्हती. एरवी ती असल्या बाबतीत फार काटेकोर. ठमीला नुसतं गरम लागलं तरी दर तासाला थर्मामीटर. वर्गात मुलांना लसीकेचा पाठ मात्र तिने सात वर्षं दोन ओळींत उरकला होता. शरीरात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरतं, त्याला लसीका म्हणतात, त्याचे रस्ते काखेत, मानेत, जांघेत एकत्र येतात. हे वाचून घ्या रे, परीक्षेला येत नाही. आता ते परीक्षेला आलं होतं, आणि शिकवणाऱ्या बाईंनाच उत्तर येत नव्हतं. पाणीच असेल, एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, मागच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस.

बाहेरून भागीरथाबाईंची हाक आली. "झालं का वं? निखारे थंडे होऊन राह्यले!" भागीरथाबाई म्हणजे गोपालची आई. परतवाड्याकडच्या गावी अर्धं आयुष्य काढून पाच वर्षांपूर्वी लेकाकडे राहायला आलेल्या, रुंद हाडाच्या, आणि हातांची ख्याती असलेल्या. त्यांनी भावकीतल्या चौदा बाळंतिणींचं अंग चोळलं होतं, चौदाही जणी आजही विहिरीचं पाणी ओढतात असं त्या अभिमानाने सांगत. पंधराव्या नंबरावर दामिनी होती, पण पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ठमी अकोल्याला झाली. दामिनीची आई मैनाबाई तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिथे बाजेखाली निखारे कुठले ठेवणार? तिने रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेक दिला. ही बातमी इकडे पोचली तेव्हा भागीरथाबाई म्हणाल्या होत्या, "पिशवीनं शेकल्यानं काय होते? निस्तं पोट साफ होते." आणि गप्प बसल्या होत्या, दुसऱ्या खेपेची वाट पाहत. दुसरी खेप आता डॉक्टरांच्या हाती होती, कदाचित कुणाच्याच हाती नव्हती. त्यामुळे सून दवाखान्यातून टाके घेऊन, पिवळी पडून, सावकाश पावलं टाकत रिक्षातून उतरली, तेव्हा सासूबाईंनी तिला पाहिलं आणि त्यांच्या हातांना काय करायचं ते आपोआप कळलं. या घरात बाई दवाखान्यातून परत येते ती एकाच कारणाने. मागच्या खोलीत बाज टाकली गेली. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा, कानाला रुमाल, सकाळी मेथीचा लाडू, संध्याकाळी तिळाच्या तेलाने मालिश. हे आपलं बाळंतपण नाही, असं दामिनीने पहिल्या दिवशी म्हणून पाहिलं होतं. "मी कुठं म्हणलं बाळंतपण हाय?" सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणलं तू आडवी हो."

आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. ओव्याच्या धुराने डोळे चुरचुरायचे, पाठीखालून ऊब वर यायची, जानेवारीची थंडी दारातच थांबायची, आणि ते दोन जाड हात खांद्यापासून कंबरेपर्यंत असे काही उतरायचे की काही काळ तरी तिला आजार हा शब्दच आठवायचा नाही. शेजारच्या केशरबाई वाटीत तुरीच्या दाण्यांची उसळ घेऊन आल्या, त्यांनी धूर पाहिला, रुमाल पाहिला, लाडूंचा डबा पाहिला आणि दारातूनच विचारलं, "काय झालं वं भागीरथा? पोरगा का पोरगी?" मग बाजेवरून दामिनीच म्हणाली, "काकू, अजून ठरलं नाही." केशरबाईंना आपली चूक कळली, त्यांनी जीभ चावली, उसळ सांडली, भागीरथाबाई हसता हसता शेगडीवर कलंडायच्या राहिल्या. त्या दिवशी घर कितीतरी वेळ हसत होतं. परतवाड्याच्या बँकेतून रोजच्यासारखा बसने थकून आलेला गोपालसुद्धा जेवताना मधेच एकटा हसला. ती मालिश आणि तो हशा यांच्या मधे कुठे सांगणार की काखेखाली काहीतरी भरत चाललंय? सांगितलं असतं तर आधी हसणं बंद झालं असतं. तिने सासूबाईंना एवढंच सांगून ठेवलं की डाव्या बाजूला हात नको, ती मी माझी पाहीन. आणि त्या बाजूवर ओढणीची जाड घडी टाकून ती पडू लागली.

अकोल्याला बारा दिवस अंगातून एक नळी निघत होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची बाटली होती, ते दिवस तिला उलट बरे वाटायचे. मैनाबाईंनी ब्लाउजपीसची एक पिशवी शिवून दिली होती, लांब बंदाची, आणि दामिनी ती बाटली गळ्यात अडकवून वऱ्हांड्यात फेऱ्या मारायची. रोज सकाळी सिस्टर बाटली रिकामी करायची आणि आकडा सांगायची. नव्वद. सत्तर. पंचावन्न. शेजारच्या पलंगावर पातूरच्या चतुराबाई होत्या, त्यांनाही तेच ऑपरेशन, तशीच बाटली. दोघींची चुरस लागायची. "तुहा किती आला?" "पंचावन्न." "माहा अडतीस!" जन्मात पहिल्यांदाच कमी मार्कांसाठी धडपड. दोन दिवस सलग तीसच्या खाली आलं की नळी काढायची, असा नियम होता. दामिनीला एकोणतीस आणि अठ्ठावीस पडले, म्हणजे काठावर पास. चतुराबाईंनी वाटण्यासाठी पेढे मागवले होते. तेव्हा जे अंगात साचायचं ते बाहेर दिसायचं, मोजता यायचं, पिवळं आहे की लाल आहे ते कळायचं. आता नळी नव्हती, बाटली नव्हती, आणि आत काय भरतंय ते पाहायला खिडकी नव्हती. ते पाणी असेल तर पाणी. पण पाणी नसेल तर? इथे तिचं मन नेहमी थांबायचं, आणि थांबून मागे जायचं, मागच्या उन्हाळ्यात.

तेव्हा ठमी दोन वर्षांची होऊन गेली होती, तरी रात्रीचं दूध सुटलं नव्हतं. एकदा तिला पाजताना दामिनीच्या बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. भागीरथाबाईंनी हात लावून पाहिला आणि खात्रीने सांगितलं, "दूध गाठलं. पिऊन नाई राह्यली नीट पोट्टी. शेक घे." त्यात वाईट काय होतं? चौदा बाळंतिणींमधल्या निम्म्या जणींचं दूध गाठलेलं त्यांनी आपल्या हाताने मोकळं केलं होतं. दामिनी स्वतः जीवशास्त्र शिकवणारी, तिलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. तीन महिने रोज संध्याकाळी गरम फडकं. हरभऱ्याचं बोर झालं. मग सुई, मग रिपोर्ट, मग गोपालचा पांढरा पडलेला चेहरा, आणि एका दिवसात दूध तोडायचं आलं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. ठमी आली, तिने तोंड लावलं, मागे झाली, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आई कडू." रडली नाही. नुसतं सांगितलं, जशी ती चहा गरम आहे म्हणून सांगायची. त्या दिवसापासून घरात गाठ हा शब्द आणि दूध हा शब्द एका वाक्यात कुणी आणला नव्हता. भागीरथाबाईंनी तर त्या तीन महिन्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दामिनीने काढला नाही, कारण काढला असता तर तो आरोप झाला असता, आणि आरोप करायला तिला आधी आरशातल्या बाईवर करावा लागला असता. आता ती आरशातली बाई पुन्हा तेच करत होती. फरक इतकाच की यावेळी कुणी "दूध आहे" म्हणून धीर द्यायलाही नव्हतं.

असे चार दिवस गेले. ठमीची जागा म्हणजे आईची डावी कंबर. ती येऊन हात वर करायची आणि दामिनी खाली बसायची, म्हणायची, तूच चढ. ठमी उजव्या बाजूने चढायची, गळ्यात हात घालायची, मग पाठीवरून सरकत डावीकडे यायला बघायची. त्या वेळी दामिनीचं सगळं अंग राखणीला उभं राहायचं. एकदा ठमीने काखेखाली कान लावला. "आई, तुझ्यात कोण आहे?" "कोणी नाही गं." "मग डुबुक कोण करतं?" दामिनीने तिला गप्प करायला बिस्किट दिलं, घरच्या नियमाने जेवणाआधी जे कधी मिळत नसे ते. लाच, हे दोघींनाही कळलं. त्या दिवसापासून ठमी रोज कान लावायला येऊ लागली आणि रोज बिस्किट घेऊन जाऊ लागली.

पाचव्या दिवशी शेक घेता घेता दामिनीला डोळा लागला. ऊब, ओव्याचा वास, पलीकडे ठमी आपल्या बाहुलीला लाडू भरवत असल्याचा आवाज. जाग आली ती सासूबाईंच्या हाताने नाही, तर हात थांबल्याने. ओढणी घसरली होती. सासूबाईंनी कापडाची पुरचुंडी शेगडीवर तापवून सवयीने दंडाला, कुशीला लावली होती आणि आता त्या तिथेच थबकल्या होत्या. "दुखलं नाई तुले?" त्यांनी विचारलं. "काय?" "हे." दामिनीने मान वळवली. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे तिला काहीच कळत नव्हतं, तिथे रुपयाएवढा लालभडक डाग उठला होता. भाजलं होतं. आणि डागाच्या खाली, उजेडात, तो फुगवटा होता, आता लिंबापेक्षा मोठा, संत्र्याला आलेला. भागीरथाबाईंनी पुरचुंडी खाली ठेवली. हात पुढे केला. दामिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडाला सगळं माहीत असायचं. कोणत्या महिन्यात काय खावं, कोणत्या वाऱ्याने कान दुखतो, कोणती गाठ कशाची. तोंड उघडलं. दामिनीला वाटलं, आता म्हणतील. म्हणाव्यात असंही वाटलं, म्हणू नयेत असंही. तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं. "कवापासून हाय?" "चार-पाच दिवस." "सांगितलं काऊन नाई?" दामिनीने घसरलेली ओढणी परत वर ओढली. सासूबाईंनी शेगडी बाजेखालून ओढली, तिच्यावर पाण्याचा तांब्या ओतला, फस्स करून राखेची वाफ उठली, आणि त्या वाफेतून त्या म्हणाल्या, "मले नाई समजत हे काय हाय ते. मी काईच सांगणार नाई. उठ. अकोल्याले चाल." लग्नाला सहा वर्षं झाली होती. मला समजत नाही, हे वाक्य दामिनीने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि तिला रडू यायच्या ऐवजी एकदम सुटल्यासारखं वाटलं, घट्ट बांधलेला कानाचा रुमाल सुटावा तसं.

गोपाल बँकेत होता. त्याला फोन केला तर तो निघतो म्हणाला, भागीरथाबाईंनी फोन काढून घेतला. "तू येशीन दुपारी. तवरी आमी पोचतो. ठेव." ठमीला कुठे ठेवणार, तिलाही घेतलं. अमरावती-अकोला एसटीत तिघी शेवटून दुसऱ्या सीटवर बसल्या, म्हणजे खड्डा कुठलाही असो, पहिला मान यांना. बडनेऱ्याच्या पुढे पहिला डुबुक झाला. दामिनीने डोळे मिटले. "कायचा आवाज हाय?" सासूबाईंनी विचारलं. "आईचा," ठमी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "तिच्यात पाणी आहे. मला रोज बिस्किट मिळतं." सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "म्हंजे पोट्टीले मालूम, अन् मले नाई?" पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघत होता, त्याला त्या म्हणाल्या, "तुमी समोर पाहा भाऊ, ड्रायवरकडे ध्यान द्या." मूर्तिजापूर आलं, गेलं. खिडकीतून तुरीची उभी शेतं, हरभऱ्याची हिरवी पट्टी, ऊन. दामिनी मनातल्या मनात डॉक्टर मॅडमचं वाक्य रचत होती. ती ते दोन तऱ्हांनी रचत होती आणि दुसरी तऱ्हा आली की पुसत होती. तिला केमोची भीती नव्हती, केस जाण्याचीही नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती, की मॅडम हात लावतील आणि आत्ता सासूबाई जशा गप्प झाल्या तशाच गप्प होतील. बोरगाव मंजूच्या गतिरोधकावर बस उडाली. डुबुक. आणि त्याच वेळी एक रुंद हात तिच्या डाव्या कुशीखाली येऊन, उशीसारखा, टेकला. तो अकोल्यापर्यंत तिथेच राहिला. हात अवघडला असेल, पण काढला नाही.

डॉक्टर मॅडमनी हात लावला आणि त्या गप्प झाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "अरे वा, चांगलंच भरलंय की." तपासून झालं, सोनोग्राफीचं यंत्र फिरवून झालं, पडद्यावर एक काळा तलाव दिसला. "पाणी आहे. सिरोमा म्हणतो आम्ही. आतली जागा रिकामी झाली ना, तिथे अंगातलं पाणी साचतं. पुष्कळ जणींना होतं. आजाराशी याचा काही संबंध नाही." दामिनीने ते वाक्य ऐकलं. पुन्हा म्हणायला सांगितलं. मॅडमनी पुन्हा म्हटलं, जरा सावकाश, नववीच्या वर्गाला सांगावं तसं. मग सुई आली. बधिर जागेत ती शिरलेली कळलीच नाही; फक्त सिरिंज भरत गेलेली दिसली. एक, मग दुसरी, मग तिसरी. स्वच्छ पिवळं, पातळ. पडद्याच्या फटीतून भागीरथाबाई बघत होत्या. "हा तं कट हाय!" त्या म्हणाल्या. "पुरणाचा कट! आमटी होते याची." सिस्टरला हसू आवरेना. मॅडम म्हणाल्या, "आजी, एकशे चाळीस निघाला. चार माणसांची होईल." आणि मग लाल डाग दिसला आणि मॅडमचा आवाज बदलला. "हे काय? शेक कुणी दिला?" "मीच," दामिनी चटकन म्हणाली, "गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, झोप लागली." "खोटं नको बोलू," पडद्यामागून आवाज आला. "मी देल्ला. निखाऱ्यावर पुरचुंडी तापवून. मालिशबी मीच केली, अठरा बरसाच्या पोट्टीसारखी रगडून. लिहा तिथं, सासूनं केली." मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "आजी, या बाजूला ऊब नको, जोर नको. पाठीचं काय ते करा. हा हात मात्र जन्मभर जपायचा. आणि तुमच्या हातांना एवढी सवय आहेच, तर चंदाताईंकडे जा, त्या तुम्हाला काम देतील."

चंदाताई फिजिओथेरपी करायच्या, तळमजल्यावर, एका खोलीत जिथे भिंतीवर बोटांनी चढायच्या रेघा आखलेल्या होत्या. त्यांनी टेपने दोन्ही हात मोजले. डावा दंड उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर जाड. गाठी काढल्यामुळे पाण्याचा नेहमीचा रस्ता बंद झालाय, त्या म्हणाल्या, चौक बंद असला की आपण कशी गल्लीबोळातून गाडी काढतो, तसं या पाण्याला दुसऱ्या बाजूला वळवायचं. त्यासाठी मालिश आहे, पण वेगळी. आधी मान, मग चांगली बाजू, मग छातीवरून त्या बाजूकडे, हात सगळ्यात शेवटी. त्यांनी दामिनीच्या गळ्यापाशी बोटं ठेवली आणि कातडी जराशी सरकवली. "झालं?" भागीरथाबाईंनी विचारलं. "झालं." "येवढंच?" "एवढंच." "बाई, माशीबी याच्यापेक्षा जोरात बसते. मंग हात तरी कायले लावता? दुरूनच फुंका." चंदाताई हसल्या, त्यांनी आपला हात पुढे केला. "माझ्यावर करून दाखवा, आजी." भागीरथाबाईंनी केलं. "दाबलंत." पुन्हा केलं. "दाबलंत." सहाव्या वेळी भागीरथाबाई रडकुंडीला आल्या. साठ वर्षं ज्या हातांना सगळ्यांनी जोर लाव म्हणून सांगितलं, ज्वारी दळताना, कापूस वेचताना, ओझं उचलताना, बाळंतिणी चोळताना, त्या हातांना आता कुणीतरी सांगत होतं, जोर काढा. कुठून काढायचा? दामिनी पाहत होती. तिला आठवेना की या बाईला तिने कधी काही न येताना पाहिलं होतं. त्यांनी पदराने तेलकट नसलेले हात पुसले आणि म्हणाल्या, "कातडी सरकली पाह्यजे, खालचं काईच नाई हाललं पाह्यजे. असंच ना? सायीवानी." "कशावानी?" "साय, साय. दुधावरची. हात फिरला पाह्यजे, फाटली नाई पाह्यजे." चंदाताईंनी विचार केला. "हो," त्या म्हणाल्या, "याच्यापेक्षा नीट मीही सांगितलं नसतं."

पुढचा आठवडा घरात साय फाटण्याचा आठवडा होता. रोज संध्याकाळी दूध तापवून परातीत थंड करायचं, साय धरू द्यायची, आणि भागीरथाबाई चष्मा लावून परातीपुढे बसायच्या. बोटं टेकायची, सरकवायची, फट्. "फाटली," ठमी जाहीर करायची, आणि फाटलेली साय नियमाने तिच्या तोंडात जायची. तिला आजीने कधीच शिकू नये असं वाटत होतं. चौथ्या दिवसापर्यंत तिचे गाल भरले. गोपाल घरी यायचा, चहा मागायचा, तर सगळं दूध शिक्षणाला लागलेलं. "आई, अभ्यासक्रम कधी संपतो?" "तुले चहाच पडला," त्या परातीवरून नजर न काढता म्हणायच्या. पाचव्या दिवशी साय एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एका चादरीसारखी, सुरकुती न पडता सरकली आणि जागेवर आली. भागीरथाबाईंनी कुणालाच हाक मारली नाही. त्या तशाच बसून राहिल्या. दामिनीने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, की त्या आपलेच हात उलटसुलट करून बघत होत्या, नव्याने मिळालेले असावेत तसे.

त्या संध्याकाळी बाजेखाली शेगडी नव्हती. दामिनी पाठीवर पडली होती, ठमी उजव्या कुशीत, आणि सासूबाई उशाशी. मानेवर बोटं टेकली. पुढे उजव्या काखेकडे, मग डावीकडून छातीवरून उजवीकडे. डाव्या बाजूला हात गेला की दामिनीला तो कळायचा नाही, नुसता दिसायचा. आपल्याच अंगावर कुणाची तरी सावली फिरतेय असं वाटायचं. मग हात परत गळ्याच्या हाडाशी आला, जिथे बधिरपण संपतं, आणि तिथे तो एकदम कळला. इतका हलका की तो या बाईचा आहे यावर विश्वास बसेना. सहा वर्षांत या हातांनी तिला भाकरी वाढली होती, साडी नेसवली होती, रगडलं होतं. विचारलं कधी नव्हतं. आता ते जणू दर इंचाला विचारत होते. दामिनीने छताकडे पाहिलं. आज सकाळी अंघोळीच्या वेळी तिला पुन्हा तो फुगवटा दिसला होता, लहानसा, लिंबाएवढा. पुन्हा भरू शकतं, दोन-तीनदाही काढावं लागतं, असं मॅडमनी सांगितलं होतं. तरीही सकाळपासून तिचं मन तो कागद कुठल्या फाइलमध्ये ठेवावा याचा विचार करायला लागलं होतं. जुनी सवय. ठमी बिस्किटाशिवाय झोपत आली होती. दामिनीने श्वास घेतला.

"आई," ती म्हणाली, "पुन्हा थोडं भरलंय."

हात थांबला नाही. त्याच वेगाने, तसाच, गळ्याच्या हाडावरून पुढे गेला. "मले मालूम हाय," भागीरथाबाई म्हणाल्या. "काल सांजीच हाताले लागलं."

"मग बोललात का नाही?"

"तू कवा बोलतं ते पाहून राह्यली होती."

दामिनीने मान मागे करून वर पाहिलं. उलटा दिसणारा तो चेहरा गंभीर होता, पण फार वेळ राहू शकणार नव्हता.

"माग्या खेपेले पाच दिवस लावले तू," त्या म्हणाल्या. "आताच्या खेपेले एक. पुढच्या खेपेले अंघोळीतूनच आवाज देजो, मी दारातच उभी राहीन. आता हासू नको, मान हालते. सक्काळच्या गाडीनं जाऊ, अन् समोरची सीट पकडू."